राणी पाचची की तीनची?

बँकेत असताना माझा सर्वाधिक डिंक खर्च झाला तो सूचनांच्या जाडजूड पुस्तकावर. मुख्य कचेरीतून परिपत्रक यायचं: अमुक पानावरील तमुक परिच्छेदाऐवजी पुढील मजकूर वाचावा. मग ती चिठ्ठी कापायची, जुन्या मजकुरावर चिकटवायची आणि समासात सही करायची. काही पानं चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या बसून पापडासारखी कडक झाली होती. यातला महत्त्वाचा भाग कोणता, असं नव्या कारकुनाला विचारलं, की तो नव्या व्याजदरावर बोट ठेवी. मी त्याला शेवटची ओळ दाखवत असे: 'अमुक तारखेपासून लागू.'

खेळांच्या नियमांनाही अशा चिठ्ठ्या लागतात, हे अलीकडे दादरला लेकीच्या घरी नव्याने पाहायला मिळालं. माझा नातू आणि त्याचे मित्र दर रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ मांडतात. यात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चोर, मांत्रिक होतात आणि त्यांचं साहस फळलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. म्हटलं तर आपल्या लहानपणीचं राजा-राणी-चोर-शिपाई, पण त्याला शेकडो पानांची नियमावली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली तीन छोट्या पुस्तिकांत तो आणला. खेळणाऱ्यांच्या शंका इतक्या, की 1979पासून 'ड्रॅगन' मासिकात त्यांची उत्तरं देणारं सदर सुरू झालं. 2000 साली तिसरी आवृत्ती निघाली आणि तीनच वर्षांत तिची सुधारलेली आवृत्ती. आता 2014च्या पुस्तकाला बाजूला सारून 2024चं पुस्तक आलं आहे.

दुरुस्ती करताना गंमतही होते. 1994च्या सुमारास या खेळाच्या जादूच्या वस्तूंचा एक कोश निघाला. त्यात 'मेज' म्हणजे मांत्रिक हा शब्द सरसकट काढून 'विझर्ड' घालायचा, असं ठरलं. संगणकाला काय कळतंय? त्याने 'डॅमेज'मधला 'मेज'ही उचलला आणि ठिकठिकाणी 'डविझर्ड' छापून आलं! आपल्याकडे कुणी 'कर' काढून सगळीकडे 'टॅक्स' घालायला सांगितलं, तर 'भाकरी'ची 'भाटॅक्सी' आणि 'नोकरी'ची 'नोटॅक्सी' व्हायची, तसलाच हा प्रकार.

त्या रविवारी टेबलावर भांडण पेटलं होतं ते औषधावरून. जुन्या पुस्तकाप्रमाणे जखम भरून काढणारं औषध प्यायचं, तर त्या पाळीतली मुख्य कृती त्यातच खर्च होते. मग तलवार चालवता येत नाही. नव्या पुस्तकाने औषध पिणं ही छोटी जोडकृती ठरवली आहे. प्या आणि लढाही. मला विशेष वाटलं ते पुढचं. ही सवलत पुस्तकात यायच्या आधीच कित्येक घरांतल्या टेबलांवर आपापसांत दिली जात होती. म्हणजे नियम वरून खाली येतो तसा खालून वरही चढतो. नातवाच्या गटातली सूत्रधार मुलगी चौदा वर्षांची आहे. तिने निकाल दिला: सुरू असलेली गोष्ट जुन्या पुस्तकाने संपवायची, पुढची नव्याने. आमच्या मुख्य कचेरीलाही इतकं स्वच्छ लिहिता येत नसे.

आमच्या लहानपणी हे वाद कॅरमवर होत. गिरगावातल्या आमच्या चाळीत राणी पाच गुणांची आणि गेम एकोणतीसचा. लालबागला मामाकडे जावं, तर तिथे काळी सोंगटी दहाची, पांढरी वीसची आणि राणी पन्नासची. दोन्हीकडची माणसं आपलाच कॅरम खरा मानणारी. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ चेन्नईत स्थापन झाला 1988 साली. त्याच्या नियमावलीत राणी तीनची आहे, गेम पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा आहे आणि बाविसावर पोचलेल्याला राणीचे गुण मिळत नाहीत.

पाचाचे तीन झाले म्हणून जुने खेळाडू आजही हळहळतात. पण जरा बेरीज करून पाहा. पूर्वी एका बोर्डात जास्तीत जास्त गुण मिळत ते नऊ अधिक पाच, चौदा. दोन बोर्ड पूर्ण मारले तरी अठ्ठावीस. गेमला एक कमी. आता नऊ अधिक तीन, बारा. दोन बोर्डांत चोवीस. पुन्हा एक कमी! म्हणजे कितीही भारी खेळाडू असो, समोरच्याला तिसरा बोर्ड मिळतोच. राणी स्वस्त झाली, पण हरणाऱ्याची ही राखीव संधी तशीच राहिली. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला असा हिशेब पाहून जेवण गोड लागतं.

पण पुस्तकातला नियम गॅलरीपर्यंत पोचला नाही, तर त्याची किंमत कोण मोजतो? मामाच्या चाळीत एक मुलगा होता. वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरातली पगाराची तारीख नाहीशी झाली. त्या काळी बँका, रेल्वे, विमा कंपन्या चांगल्या कॅरमपटूंना नोकरीत घेत. परळ-लालबागच्या मुलांसाठी बोरिक पावडरने पांढरी झालेली ती बोटं म्हणजे अर्जावरचा एक रकाना होता. याचा हात असा, की डबल मारून राणी घ्यावी आणि पुढच्याच फटक्यात कव्हर करावी. 1983 साली एका निवड स्पर्धेला तो गेला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मामाने मला सोबत धाडलं.

तिथे बोर्ड स्टँडवर, खेळाडू खुर्चीवर. चाळीत आम्ही कॅरम जमिनीवर ठेवून खेळायचो. कधी मांडी घालून, कधी उकिडवे, लांबच्या कोपऱ्यासाठी एक गुडघा टेकून अर्धवट उठायचं. स्पर्धेच्या नियमात खुर्ची सरकवायची नाही, बसल्या जागेवरून उठायचं नाही. तिसऱ्या बोर्डात तो सवयीने उठला. पंचाने फाऊल दिला. पॉकेटमधली सोंगटी बाहेर आली. त्यानंतर तो फटका मारण्यापेक्षा आपण नीट बसलो आहोत की नाही, याकडेच लक्ष देऊ लागला आणि सामना गेला. नोकरी दुसऱ्याला मिळाली. पंचाचं काही चुकलं नव्हतं. मुलाचंही नाही. नियम त्याच्या जन्माआधीपासून असेल. पण त्याच्यापुरता तो त्या क्षणी लागू झाला.

परत येताना बसमध्ये तो एक अक्षर बोलला नाही. पण महिन्याभराने मामाकडे गेलो, तर गॅलरीत दोन पत्र्याच्या खुर्च्या आणि फळकुटांचा स्टँड. त्याने कुठून तरी नियमांची पुस्तिका मिळवली होती आणि धाकट्या पोरांना बसवून ती वाचून दाखवत होता. म्हाताऱ्यांनी कुरकूर केली, की आमचा खेळ बिघडवतोस. तेव्हा भिंतीवर खडूने तोडगा लिहिला गेला: शनिवारी संघटनेचे नियम, रविवारी चाळीचे. त्या खुर्च्यांवर शिकलेली दोन पोरं पुढे खेळाच्या जोरावर नोकरीला लागली. तो स्वतः कुरिअरच्या धंद्यात स्थिरावला.

ती चाळ आता नाही. तिथे टॉवर उभा आहे आणि त्यात कॅरमसाठी वातानुकूलित खोली आहे. संघटनेचे नियम छापलेले आहेत, ते कुठेही मिळतील. मामाच्या चाळीचे मात्र कुणीच लिहिले नव्हते, म्हणून गेल्या पावसाळ्यात आठवतील तेवढे मी वहीत उतरवले. काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. बोर्ड ज्याचा, पावडरही त्याची. दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्याला जेवण होताच पहिली जागा. रात्री अकरानंतर नवा डाव मांडायचा नाही. मांडलेला मात्र कुणाच्याही बापाने उठवायचा नाही.