शेळ्यांचं गवत, अंगणातलं

नर्सरीत जांभळट तुऱ्यांच्या फाउंटन ग्रासची किंमत ऐकली आणि हात मागे घेतला. तसलेच तुरे आमच्या गावाकडच्या बांधांवर दरवर्षी फुकट डोलतात. ते अंजन गवत. (अंजनाचं झाड वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता या दोन्ही गवतांचं आडनावही एकच केलंय : सेंक्रस.

अंजनाचं बी हातात घेतलं तरी दिसत नाही. दिसतो तो केसांचा झुबका. दाणा कुठेतरी आत. लिनियसने १७७१ मध्ये याला 'सिलिॲरिस' म्हटलं, ते या केसांवरूनच. त्या शब्दाच्या मुळाशी पापणी आहे. आपण अंजन म्हणतो, त्यानेही डोळाच आठवतो. निव्वळ योगायोग, पण छान.

पहिल्या वर्षी ताजं बी पेरलं; काही उगवलं नाही. ताजं बी काही महिने झोपूनच असतं. पुढच्या जूनमध्ये उरलेलं बी ओल्या मातीत चोळून टाकलं, नाहीतर वारा उचलतो. वर जेमतेम बोटाच्या पेराएवढीही माती नाही. उगवलं, आणि कामाच्या मावशींनी तण समजून निम्मं उपटलं. त्यांना काय बोलणार? मलाही ओळखता आलं नसतं.

मग बांधावरची ठोंबं आणली, पाती छाटून भर पावसात दोन-दोन फुटांवर लावली. आठवडाभर पिवळी पडली, नंतर मधून सुईसारखा कोंब आला. सप्टेंबरात तुरे. तुरा बोटांत धरून ओढला की झुबके सुटून येतात आणि मागे बारीक नागमोडी दांडा उरतो. हा खेळ मी फार वेळ खेळले.

शेजारच्या काकू शेळ्या पाळतात. "ताई, जून कशाला होऊ देताय? कापा की." मी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी ठोंबाच्या मधोमध नुसता वाळका पेंढा आणि कडेला हिरवं कडं. तेव्हा विळा त्यांच्याच हाती दिला. त्यांनी वीतभर बुडखे ठेवून सगळं उतरवलं. पुढच्या दोन पावसांत पाती अशी वर आली, की मलाच लाज वाटली.

बी मात्र उडू देत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हेच गवत निवडुंगांच्या रानात घुसलंय. ते वाळलं की वणवा पसरतो, म्हणून तिथले लोक ते उपटत हिंडतात. इथलं ते इथलंच आहे, तरी शेजाऱ्यांच्या लॉनचा विचार करावा लागतो.

आता निम्मी ठोंबं काकूंची, निम्मी माझी. परवा त्यांची पाट दावं तोडून आली, तिने हद्द पाळली नाही. तुरे आधी खाल्ले.