महाकालाच्या अंगणातला श्रावण महोत्सव

शास्त्रीय संगीत आणि भक्ती दोन्ही आवडत असतील, तर एकदा श्रावणात उज्जैन गाठाच!

महाकालेश्वर मंदिर समिती दरवर्षी श्रावण महोत्सव भरवते. आठवड्याच्या अखेरीस गायन, वादन आणि नृत्याच्या सभा होतात. नामवंतांबरोबर उज्जैनचे स्थानिक कलाकारही इथे सेवा रुजू करतात.

सोमवारी तर सगळं शहरच रंगमंच होतं. महाकालाची पालखी निघते. मंदिराच्या दारात पोलिसांची सलामी, पुढे झांजा-डमरू वाजवणारी भजनी मंडळं. रामघाटावर शिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि परतताना पालखी गोपाळ मंदिरापाशी थांबते. हे मंदिर बायजाबाई शिंदे यांनी बांधलं. महाकाल मंदिराचा 18व्या शतकातला जीर्णोद्धारही राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी केला.

आपल्यासाठी खास गोष्ट: उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. पण पालखीच्या या सवाऱ्या त्यांच्या भाद्रपद अमावस्येपर्यंत, म्हणजे आपल्या पोळ्यापर्यंत चालतात. त्यामुळे आपला अख्खा श्रावण त्यात येतो. जाण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक जरूर पाहा.

जय महाकाल!

#उज्जैन #श्रावणमहोत्सव