दुखापतींची यादी कोणासाठी?

अमेरिकेच्या एनएफएलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळतात त्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, रविवारी सामना असला की बुधवार ते शुक्रवार रोज प्रत्येक संघाला दुखापतींची यादी जाहीर करावी लागते. कोणाचा गुडघा धरलाय, कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धवट सोडला, सगळं नावानिशी. एवढी शिस्त पाहून वाटतं की ही पद्धत खेळाडूंच्या काळजीपोटी सुरू झाली असावी. तिचं मूळ आहे सट्ट्यात.

डिसेंबर १९४६ मध्ये शिकागो बेअर्सविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या मर्ल हेप्स आणि फ्रँक फिलचॉक यांना लाच देऊ केली गेली होती. दोघांनी पैसे घेतले नाहीत, पण कोणाला कळवलंही नाही. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी १९४७ पासून दुखापती जाहीर करणं संघांना बंधनकारक केलं. आतली बातमी सगळ्यांना एकदम कळली की चोरून विकायला काही उरत नाही, हा त्यामागचा हिशोब. त्यात खेळाडूच्या प्रकृतीचा विचार फारसा नव्हता, आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो.

नाव यादीत म्हणजे खेळाडू जायबंदी, नाव नाही म्हणजे ठणठणीत, हाही असाच एक समज. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या यादीत टॉम ब्रेडीचा उजवा खांदा कित्येक हंगाम ठाण मांडून होता. पुढे शेरा ‘प्रॉबेबल’, म्हणजे ‘बहुधा खेळेल’, आणि ब्रेडी खेळायचाच. अखेर २०१६ मध्ये लीगने तो शेराच काढून टाकला. उलट २००८ च्या हंगामाअखेर न्यूयॉर्क जेट्सच्या ब्रेट फार्वच्या फेकीच्या हाताचा स्नायू दुखावलेला असूनही यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानेच ते बोलून दाखवलं, तेव्हा संघ, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांना मिळून १,२५,००० डॉलर दंड झाला. २०१९ मध्ये बेन रॉथलिसबर्गरच्या कोपराबद्दल मौन पाळल्यावर पिट्सबर्ग स्टीलर्सना ७५,००० आणि प्रशिक्षक माइक टॉमलिन यांना २५,००० डॉलर भरावे लागले. एनएफएलच्या संघांची कमाई पाहता ही रक्कम चिल्लर आहे; तिने कोणाला धाक बसेल असं मला वाटत नाही.

सर्वांत घातक समज मात्र हा, की नियम पाळले म्हणजे खरं सांगितलं. २५ सप्टेंबर २०२२ रोजी बफेलोविरुद्ध मायामी डॉल्फिन्सच्या टुआ टागोवायलोआचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला, चालू लागला आणि लडखडला, सहकाऱ्यांनी सावरलं. लाखो लोकांनी हे पाहिलं. उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात उतरला. कारण सांगितलं गेलं पाठीचं. पुढच्या यादीतही पाठ आणि घोटा. डोक्याचा उल्लेख नाही. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आदळला, बोटं विचित्र वाकडी होऊन ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. चौकशीचा निष्कर्ष असा, की लिखित नियम पाळले गेले होते, फक्त जे घडलं ते नियमांना अभिप्रेत नव्हतं. त्यानंतर तोल जाणं हे खेळाडूला परत न पाठवण्याचं लक्षण ठरलं. एका तरुणाचा मेंदू पणाला लागल्यावर ही दुरुस्ती व्हावी, याची मला चीड येते.

खेळाडू स्वतःच दुखणं लपवतात, मग संघाला काय बोलायचं, असंही म्हणतात. लपवतात हे खरं. पण ॲलेक्स स्मिथचं पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये डोक्याला मार बसल्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, बाहेर बसला. हंगाम उत्तम चालला होता. जागा मिळाली कॉलिन केपर्निकला, आणि ती स्मिथला परत मिळालीच नाही. २०१३ मध्ये त्याची रवानगी कॅन्सस सिटीला झाली. बहुतेक करार पूर्ण हमीचे नसतात, तिथे हे पाहिलेला पोरगा डोकं दुखतंय म्हणून कशाला सांगेल?

२०१३ पासून मैदानाच्या कडेला संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ असतो. मायामीच्या त्या सामन्यातही होता. नंतर खेळाडू संघटनेने त्याला हटवलं. तरी दिशा तीच बरोबर आहे. गुडघा, खांदा, पाठ यांच्याबाबत मात्र यादीत काय लिहायचं ते आजही संघच ठरवतो.