गाडी लहान होते, प्रकाश नाही

साडेचार मीटरची मोटार 1:24 प्रमाणात जेमतेम 19 सेंटिमीटरची होते. चाकं, दारं, आरसे, सगळं त्या हिशेबात बसवता येतं. रंग मात्र बसत नाही. खऱ्या गाडीवरचे रंगाचे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्याच प्रमाणात मॉडेलवर पाच-सहा मायक्रॉनच हवेत, आणि हाताने फवारून इतका पातळ, एकसारखा थर बसवणं अवघड.

शिवाय पातळ रंग सपाट व्हायलाही कुरकुर करतो. फवारलेल्या थेंबांचे उंचवटे पृष्ठताण खाली ओढत असतो. पण द्रावक उडत जातो तसा रंग घट्ट होतो आणि उंचवटे जागीच थिजतात. थराची जाडी निम्मी केली, तर ते सपाट व्हायला आठपट वेळ लागतो. मग उरतो संत्र्याच्या सालीसारखा पोत. खऱ्या गाडीवर तो सहज खपून जातो, चिमुकल्या बॉनेटवर डोळ्यांत भरतो.

इलाज एकच, घासणं. पारदर्शक लॅकर पक्का वाळला की 2000 नंबरचा वॉटरपेपर भिजवून हलक्या हाताने फिरवतात. त्याचे कण सुमारे 10 मायक्रॉनचे. चकाकी जाऊन बॉनेट पांढुरकं पडतं, नवखा धास्तावतो. खरं तर उंचवटे गेलेले असतात, राहिलेले असतात फक्त ओरखडे. पुढे अधिकाधिक बारीक कापडं आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड ते ओरखडे लहान करत नेतात.

किती लहान? लॉर्ड रॅले यांच्या निकषानुसार उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या हिश्शाखाली गेला की पृष्ठभाग आरशासारखा वागू लागतो. हिरव्या प्रकाशासाठी हा आकडा 70 नॅनोमीटरच्या आसपास येतो, गाडी खरी असो वा खेळण्याएवढी. तिरक्या नजरेला ही अट सैल होते, त्यामुळे अर्धवट घासलेलं मॉडेलही कडेने पाहिलं तर चकाकतं. म्हणून परीक्षा वरून घ्यावी: छतावरच्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची कड रेघेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे.

दारांच्या आणि बॉनेटच्या कडा मात्र घासताना टेप लावून झाकाव्यात. पृष्ठताणामुळे ओला रंग धारेवरून मागे सरतो, तिथला थर सर्वांत पातळ असतो. दोन फटके जास्त बसले की खालचं प्राइमर उघडं पडतं. जाणकार म्हणूनच लॅकरचे एक-दोन हात आधीच जास्त देतात. घासून घालवायला काही शिल्लक तर हवं!