साडेचौदा मिनिटांची तबकडी

हिप हॉपचं जगभर गाजलेलं पहिलं गाणं हिप हॉपच्या माहेरात तयार झालेलंच नाही. हे माहेर म्हणजे न्यूयॉर्कचा ब्राँक्स. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कची पार्टी झाली आणि तिथूनच या कलेचा आरंभ मानतात. ते गाणं, ‘रॅपर्स डिलाइट’, मात्र सप्टेंबर १९७९ मध्ये निघालं ते हडसन नदीच्या पलीकडून, न्यू जर्सीतल्या एंगलवुडमधून.

मधली सहा वर्षं रॅप, म्हणजे हिप हॉपमधलं ठेक्यावर यमकं बोलणं, ही मुख्यतः प्रत्यक्ष जाऊन ऐकायची गोष्ट होती. डीजेने दोन टर्नटेबलांवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावायच्या, नाचायला फक्कड असा तुकडा आलटूनपालटून वाजवत ठेवायचा आणि माइकवरच्या एमसीने त्यावर यमकं जुळवत गर्दीला धरून ठेवायचं. तासन्‌तास चालणारा हा खेळ तबकडीवर मावेल, असं तो खेळणाऱ्यांनाच वाटत नव्हतं. ब्राँक्समधल्या डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशने तर रेकॉर्डसाठी आलेली विचारणा परतवून लावली होती.

रॅप तबकडीवर आणायचं सुचलं ते सिल्व्हिया रॉबिन्सन यांना. १९५०च्या दशकात ‘लव्ह इज स्ट्रेंज’मुळे नाव झालेली ही गायिका १९७९ पर्यंत निर्माती झाली होती आणि तिची जुनी कंपनी डबघाईला आलेली होती. हार्लेममधल्या एका क्लबात रॅपवर नाचणारी पोरं बघून त्यांनी हेरलं, की यात पैसा आहे. नव्या ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’साठी त्यांनी एंगलवुडमध्येच मुलं शोधली. बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. पिठाने माखलेल्या अवस्थेतच तो बाहेर आला आणि दुकानासमोर उभ्या गाडीत बसून त्याने चाचणी दिली. वंडर माइक आणि मास्टर जी त्याच दिवशी जोडले गेले. तिघांची मिळून ‘शुगरहिल गँग’ झाली.

ठेका घेतला त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा. तेव्हा रेकॉर्डचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारा सँपलर हाताशी नव्हता. म्हणून स्टुडिओतल्या वादकांनी तोच बेस आणि तेच ड्रम सुमारे पंधरा मिनिटं, लय न सोडता, सलग वाजवले. वर तिघांची बडबड: फुशारक्या, चेष्टा, मित्राच्या घरचं न गिळवणारं जेवण. बारा इंची तबकडीवर गाणं साडेचौदा मिनिटांचं झालं.

ते अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्या चाळिसांत शिरलेलं हे पहिलं रॅप गाणं. ब्रिटनमध्ये ते तिसरं आलं, कॅनडात थेट पहिलं. त्याच वर्षी फॅटबॅक बँडचं ‘किंग टिम थर्ड’ हे रॅप गाणं याच्या आधी निघालं होतं, पण ते आता अभ्यासकांनाच आठवतं.

ब्राँक्समध्ये मात्र कपाळाला आठ्या पडल्या. हे तिघे कोण, कुठल्या पार्टीत यांना कुणी ऐकलंय? त्यात हँकच्या ओळी तिथल्याच ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या निघाल्या. हँक कॅझचं व्यवस्थापन बघायचा; त्याने वही मागून घेतली आणि इतक्या बेफिकिरीने वापरली, की गाण्यात तो कॅझचं ‘कॅसानोव्हा’ हे नाव अक्षर-अक्षर सांगत स्वतःची ओळख करून देतो. ‘तुका म्हणे’ तसंच ठेवून अभंग आपल्या नावावर खपवावा, त्यातली गत! कॅझला ना श्रेय मिळालं, ना मानधन. ‘शिक’च्या नाइल रॉजर्सने एका क्लबात आपलाच ठेका ऐकला आणि वकील गाठले, तडजोड होऊन तो आणि ‘शिक’मधलाच बर्नार्ड एडवर्ड्स गीतकार म्हणून नोंदले गेले. कॅझमागे असं वजनदार कुणी नव्हतं, एवढाच फरक.

नकार देणारा फ्लॅश पुढे आपल्या ‘फ्युरियस फाइव्ह’ या रॅपरांच्या गटासह शुगर हिलकडेच आला आणि १९८२ मध्ये त्यांच्या नावावर ‘द मेसेज’ निघालं: वस्तीतल्या गरिबीचं, भेदक गाणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाच्या २००२ च्या पहिल्याच यादीत ते आलं. ‘रॅपर्स डिलाइट’चा नंबर लागला २०११ च्या यादीत.