अंधेरी ते मुलुंड: चांगलं तैवानी जेवण कुठे मिळेल?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहिला, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना मी जे "अं... म्हणजे..." करतो तेवढं काढलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

आजच्या विषयाचं कारण घरगुती आहे. माझ्या मुलुंडच्या मावसबहिणीला तैवानमध्ये, शिंचू शहरातल्या एका विद्यापीठात, सेमीकंडक्टरमध्ये मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. स्कॉलरशिपसकट. पेढे वाटून झाले आणि मग मावशीने विचारलं, "सगळं ठीक आहे गं, पण तिकडे तू खाणार काय?" घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. मावशीने तैवान पाहिलं ते यूट्यूबवर, आणि तेही रात्रीच्या बाजारातले व्हिडिओ, ज्यात काड्यांवर काय काय लटकत असतं. होकार कळवायला तीन आठवडे होते आणि घरातलं बोलणं रोज याच प्रश्नावर येऊन अडत होतं. शेवटी तिचा मला मेसेज आला: "दादा, मुंबईत चांगलं तैवानी कुठे मिळतं? आईला एकदा खायला घालते, म्हणजे विषय संपेल."

सरळ उत्तर देतो. "जा, इथे बस, हे तैवानी जेवण" असं म्हणून बोट दाखवावं असं एकही हॉटेल मी तुम्हाला उपनगरात सांगणार नाही. तैवानचं जगात सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे दिन ताय फुंग. १९५८ मध्ये तेलाचं दुकान म्हणून सुरू झालेलं, १९७२ च्या सुमारास डंपलिंगकडे वळलेलं, आणि प्रत्येक डंपलिंगला मोजून १८ चुण्या घालणारं. त्याची भारतात शाखा नाही. बीकेसीतलं याउआचा तुम्ही ऐकलं असेल. छान आहे, पण ते लंडनहून आलेलं कँटोनीज पद्धतीचं डिमसम आहे, तैवानी नाही. त्यामुळे "तैवानी" अशी पाटी शोधू नका, पदार्थ शोधा. आणि पदार्थ शोधायचे तर आधी आपलं "चायनीज" बाजूला ठेवावं लागतं.

आपल्या गाडीवरचं चायनीज हा एक फोर्क आहे. मूळ कोड कोलकात्याच्या हक्का लोकांकडून आला, आणि पुढचे सगळे कमिट आपले. चिकन मंच्युरियन तर मुंबईचंच. नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची घेऊन, त्यात सोया सॉस टाकून ते केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मला चायनीज भेळ आवडते, त्यामुळे हे नावं ठेवणं नाही. पण "हक्का नूडल्स" मधला हक्का हा मसाला नाही, एक समाज आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गंमत म्हणजे तैवानमध्ये साधारण पाचातला एक माणूस स्वतःला हक्का मुळाचा मानतो, आणि शिंचूच्या आसपासचा भाग तर त्यांचा बालेकिल्ला. म्हणजे माझी बहीण खऱ्या हक्कांच्या गावी निघालीय आणि तिथे तिला आपले हक्का नूडल्स मिळणार नाहीत.

तैवानच्या ताटात थरावर थर आहेत. बेटावरचे मूळ आदिवासी, फुजियानहून आलेले होक्किएन लोक, हक्का, मग १८९५ ते १९४५ अशी ५० वर्षं जपानी सत्ता, आणि १९४९ मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरल्यावर आलेले दहा लाखांहून जास्त लोक. त्यात वेगवेगळ्या प्रांतांचे सैनिक होते, आणि प्रत्येकाची आई वेगळं जेवण करायची. त्यानंतर अमेरिकेच्या मदतीतून गहू आला. म्हणून भात खाणाऱ्या बेटावर नूडल्स, पाव आणि पराठे इतके रुजले. तिथली बीफ नूडल्स जगप्रसिद्ध, पण जुन्या शेतकरी घरांत बीफ खात नाहीत, कारण बैल शेतात राबतो. हे सांगितल्यावर मावशीने पहिल्यांदा मान वर केली. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता उपनगरात जे खरंच सहज मिळतं ते बघू. बबल टी, म्हणजे बोबा. मोठ्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये त्याचा काउंटर आता सापडतो.

बोबाचे काळे मोती आणि आपला साबुदाणा हे सख्खे चुलतभाऊ आहेत. दोन्ही टॅपिओकाच्या, म्हणजे कसावाच्या कंदाच्या स्टार्चचे. आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमहून येतो, आणि सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये जीआय टॅगही मिळाला. तैवानमध्ये बोबा नक्की कोणी शोधला यावर ताइनानचं हानलिन आणि ताइचुंगचं चुन शुई तांग या दोन दुकानांत दहा वर्षं कोर्टात भांडण चाललं. दोघांचाही दावा १९८० च्या दशकातला. २०१९ मध्ये निकाल असा लागला की हे पेय कुणीही बनवू शकतं, त्यामुळे आधी कोणी केलं हे ठरवायची गरजच नाही. मला हा निकाल फार आवडतो. हानलिनच्या गोष्टीत तर पहिले मोती पांढरे होते. म्हणजे दिसायला जवळजवळ आपलाच साबुदाणा, चहात.

मग चांगला बोबा ओळखायचा कसा? काउंटरवर विचारा, मोती कधी शिजवले? शिजलेल्या मोत्यांचं आयुष्य साधारण चार तास. त्यानंतर ते बाहेरून लिबलिबीत आणि आतून कडक होतात. स्टार्च थंड होत परत घट्ट व्हायला लागतो, शिळ्या साबुदाणा खिचडीचं जे होतं तेच. चांगल्या मोत्याला दाताखाली एक उसळी असते. तैवानी लोक त्याला "क्यू" म्हणतात, आणि फारच छान असेल तर "क्यूक्यू". दुसरं, चहा पानांचा उकळलेला आहे की पावडरचा? डब्यातली पावडर दिसली तर तुम्ही २५० रुपयांचं सरबत पिताय. तिसरं, "पॉपिंग बोबा" हा टॅपिओका नाहीच. तो अल्जिनेटच्या पातळ सालीतला फळांचा रस आहे. वाईट नाही, पण त्यावरून तैवानी बोबाचं मत बनवू नका. साखर मात्र तुम्ही ठरवायची, तिकडे ३० टक्के, ५० टक्के असं सांगूनच मागवतात. मी ३० सांगतो.

उपासाला चालेल का, हा प्रश्न मावशीचा. साबुदाणा चालतो, चहा चालतो, दूध चालतं, गूळ चालतो. तिने त्यावर बराच वेळ विचार केला.

दुसरी गोष्ट म्हणजे बाओ. अंधेरी पश्चिम, पवई, बीकेसी इथल्या पॅन-एशियन हॉटेलांच्या मेनूवर तो दुमडलेला पांढरा वाफवलेला पाव असतो. हा आकार तैवानच्या ग्वा बाओचा. पण तिकडचा खरा ग्वा बाओ ओळखायचा तो आतल्या तीन गोष्टींवरून: खारवलेली मोहरीची पानं, कोथिंबीर, आणि साखर घातलेला शेंगदाण्याचा कूट. हो, कूट! आपल्याकडे हॉटेलवाले त्याऐवजी तिखट मेयोनीज घालतात. आत डुकराचं मांस की मशरूम की टोफू हे मेनूवर बघा, पण कूट आणि कोथिंबीर नसेल तर मी तरी त्याला तैवानी म्हणणार नाही.

आता मावशीच्या मूळ प्रश्नाकडे, कारण खरी माहिती इथे आहे. तैवानमध्ये बौद्ध आणि यीग्वानदाओ पंथाच्या लोकांमुळे शाकाहाराची परंपरा जुनी आणि जिवंत आहे. त्या जेवणाला "सू" म्हणतात. पारंपरिक सू जेवणात कांदा, लसूण, पात हे सगळं वर्ज्य. म्हणजे घाटकोपरच्या खाऊगल्लीत "जैन मिळेल" असं लिहिलेलं असतं, तसंच तिकडे "सू" लिहिलेलं असतं. २००९ पासून तिकडे पाकिटावर शाकाहाराचे पाच प्रकार वेगवेगळे छापतात: शुद्ध, अंडं असलेला, दूध असलेला, दोन्ही असलेला, आणि कांदा-लसूणवाला. आपला हिरवा ठिपका यापुढे फारच ढोबळ वाटतो. आणि सू हॉटेलच्या पाटीवर बरेचदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं. परदेशात लांबून स्वस्तिक दिसलं की शाकाहारी जेवण, यावर मावशीचा विश्वास बसायला मला फोटो दाखवावे लागले. आत बुफे असतो. ताट भरा, वजन करा, पैसे द्या.

पण जैन आणि सू एकच, असं समजून जाऊ नका. सू जेवण मशरूमवर चालतं, आणि रताळं, मुळा, गाजर असे कंद बिनधास्त असतात. जैन मित्रांनी हे लक्षात ठेवा. उलट, जुन्या बौद्ध ग्रंथांतल्या वर्ज्य पाच तीव्र वासाच्या पदार्थांत हिंगही येतो. आपण कांदा-लसणाऐवजी जो हिंग घालतो, तोच तिकडच्या यादीत कांद्याच्या शेजारी बसलाय!

साध्या, म्हणजे सू नसलेल्या, हॉटेलात मात्र सावध राहायचं. पालेभाजीवर डुकराच्या मांसाचा रस्सा ओततात, भाजी ऑयस्टर सॉसमध्ये परततात, सूपचा आधार हाडांचा असतो. "मांस नको" म्हटलं तर तुकडे काढून देतील, रस तसाच राहील. म्हणून "मांस नको" म्हणायचं नाही, "वो छर् सू" म्हणायचं, म्हणजे मी सू खाते. बहिणीने हे चिनी लिपीत लिहून फोनच्या लॉक स्क्रीनवर लावलंय. शिंचूचा खास पदार्थ आहे तांदळाच्या बारीक शेवया. तिथल्या जोरदार वाऱ्यात वाळवायची परंपरा आहे. कोकणातल्या शिरवाळ्या आठवतील. त्या परतताना बहुतेक वेळा मांस घालतात, त्यामुळे त्या सू ठिकाणीच खायच्या.

मग चाखायचं कुठे? मुलुंडला, घरी. दोन रविवारी आम्ही तीन पदार्थ केले, आणि सामान सगळं नेहमीच्या बाजारातलं.

पहिला, रात्रीच्या बाजारातले रताळ्याचे गोळे. ३०० ग्रॅम उकडून कुस्करलेलं रताळं, साधारण १३० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, ४० ग्रॅम साखर. स्टार्च ऑनलाइन मिळतो. साबुदाण्याच्या पिठाने पोत वेगळा येतो. रताळं गरम असतानाच मळायचं, छोटे गोळे करायचे, मंद आचेवर तळायचे. ते तरंगायला लागले की झाऱ्याने तेलात हलके दाबायचे आणि सोडायचे. दाबलं की परत फुगतात, आतून पोकळ होतात. गोळ्यातल्या पाण्याची वाफ आतून ढकलते आणि टॅपिओकाची चिवट साल ताणली जाते, फाटत नाही. मावशीने साहित्य वाचलं आणि म्हणाली, "अरे, हे तर उपासाचं आहे." अख्खी परात संपली.

दुसरा, पातीच्या कांद्याचा पराठा. गरम पाण्यात मळलेला मैदा, तेल, मीठ, पात. पोळी लाटायची, गुंडाळी करायची, गुंडाळीची चकली वळायची आणि परत लाटायची. लच्छा पराठा येतो ना? झालं. मळताना गरम पाणी घालायचं, म्हणजे तो मऊ राहतो.

तिसरा मुलांनी आवर्जून करावा. तिकडे शेंगदाण्याच्या चिक्कीची मोठी लादी रंध्याने किसतात, पातळ पापुद्र्यावर पसरतात, वर आईस्क्रीमचे गोळे, वर कोथिंबीर, आणि गुंडाळी. आम्ही लोणावळ्याची चिक्की खलबत्त्यात कुटली, रुमाली रोटीचा पातळ तुकडा घेतला, व्हॅनिला आईस्क्रीम घातलं. गोड आईस्क्रीमवर कोथिंबीर ऐकायला विचित्र वाटते, पण ती वगळू नका, नाहीतर ते फक्त चिक्की-आईस्क्रीम होतं.

बोबाचे मोतीही घरी होतात, फक्त वेळ काढून करा. उकळत्या गुळाच्या पाण्यात थोडा स्टार्च शिजवून मग बाकीचा मळायचा. मोदकाची उकड काढता तसंच, नाहीतर गोळे वळत नाहीत. काळसर कोल्हापुरी गूळ घेतला तर रंगही छान येतो.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी बहिणीने होकाराचा मेल पाठवला. मावशीने फक्त एवढंच विचारलं की त्या वजनावर मिळणाऱ्या जेवणात भात मोजतात का. तेवढं मला सापडलं नाही, तिकडे गेल्यावर ती सांगेल. आणि तुम्हाला बोरिवली, अंधेरी, मुलुंड कुठेही कूट घातलेला बाओ सापडला, तर मला व्हॉइस नोट पाठवा. मी त्याच संध्याकाळी जाणार आहे.