अद्भुतकथेचा सन्मान

सुरत शहराच्या डिंडोली भागात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अहिराणीतील राक्षसांच्या व बोलत्या पाखरांच्या कहाण्या ऐकून वाढलेल्या तेथील एखाद्याने उद्या मराठीत अद्भुतकथा लिहिली, तर तिचा गौरव कोणत्या नात्याने होईल? हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

भरताने अद्भुत हा स्वतंत्र रस मानला व विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. आधुनिक काळात मात्र साहित्य अकादमीच्या पुरस्कारांत अद्भुतकथेस वेगळा विभाग नाही. तिचा सत्कार झाला तो परकीय वेषात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९६० साली हा पुरस्कार मिळाला. मुलाचे तारुण्य मागून घेणाऱ्या राजाची ही कथा. पण चर्चा झाली ती भोग आणि संयम यांचीच. १९७३ साली जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाये'ची निवड झाली. तीतील 'विदूषक' कथेचे राज्य कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. तथापि गौरव झाला तो कथासंग्रहाचा, आणि प्रकाशनवर्षाच्या वादामुळे जी.एं.नी तोही परत केला. नारायण धारप तर वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचले गेले. अकादमीच्या यादीत त्यांचे नाव नाही.

पारितोषिकाने वाङ्मयप्रकार घडतो काय? काही अंशी घडतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठविली व ती पहिली आली. विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभण्यात त्या स्पर्धेचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत १९७५ पासून 'वर्ल्ड फँटसी अवॉर्ड' दिले जाते. कादंबरीचे पहिले पारितोषिक पॅट्रिशिया मॅकिलिप यांना मिळाले. सन्मानचिन्ह म्हणून एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाचा अर्धपुतळा दिला जाई. त्याच्या वर्णद्वेषी विचारांमुळे आक्षेप आले आणि २०१५ नंतर तो बंद झाला. पुरस्कार कोणाच्या मुखवट्याने द्यावा, हाही वाङ्मयीन प्रश्नच होय!

मराठीत असा पुरस्कार निघाल्यास परीक्षकांनी रूपकार्थाची झडती घेऊ नये, असे आम्ही सुचवितो. कल्पिलेले जग स्वतःचे नियम पाळते की नाही, एवढे आधी पाहावे. आणि अहिराणीसारख्या बोलीत लिहिलेली कथाही त्यासाठी पात्र मानावी. डिंडोलीतील लेखकास प्रमाणभाषेचा परवाना मागण्याचे कारण नाही.